काकूचं कोण करतंय?

काकूच्या उशाशी रात्री जो तांब्या असतो, तो अर्धाच भरलेला असतो. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. मी अंबाजोगाईहून दर पंधरा दिवसांनी माहेरी जाते, एक रात्र तिच्याजवळ झोपते, तिचं डोकं विंचरते, गोळ्यांचा डबा बघते. तांब्याकडं मात्र कधी नीट पाहिलंच नव्हतं. गेल्या माघात एका रात्री मला तहान लागली म्हणून तो उचलला, तर हाताला हलका लागला. म्हटलं, "काकू, भरून ठेवू का?" अंधारातूनच ती म्हणाली, "नको गं माय. जास्त पिलं की उठावं लागतंय. रातचं कोण नेतंय मला?"

संडास अंगणाच्या टोकाला आहे. दारापासून वीसेक पावलं, मध्ये दोन दगडी पायऱ्या, त्यातली एक हलती. बल्ब आहे, पण त्याचं बटण आतल्या खोलीत. एवढ्या वाटेला सोबत नाही म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई दिवस मावळला की पाणी पिणं बंद करते.

त्याच्या आदल्या वर्षीचं मला तेव्हा सगळं उलगडलं. पौषातल्या एका सकाळी शेजारच्या पोराचा फोन आला होता, "आत्या, काकू कायबी बोलायल्यात. मला वळखंना गेल्यात." १०८ ला फोन केला, गाडी आली, सरकारी दवाखान्यात नेलं. लघवीचा जंतुसंसर्ग होता आणि रक्तातलं सोडियम उतरलेलं. म्हाताऱ्या माणसाला असा संसर्ग झाला की कधीकधी तापाच्या आधी भ्रमच होतो, असं तिथल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं. तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली आणि काकू माणसात आली. सुट्टी देताना डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पितात ना नीट?" मी म्हटलं, "पितात की." मग त्यांनी विचारलं, "घरी यांचं कोण करतं?"

मी म्हटलं, "आम्ही आहोत."

खोटं बोलायचा माझा हेतू नव्हता. "आहोत" हे खरंच होतं. पण त्यांनी विचारलं होतं ते "कोण आहे" असं नव्हतं, "कोण करतं" असं होतं.

आमच्याकडं सेवा, शुश्रूषा, देखभाल हे शब्द भाषणातले. बोलण्यातला शब्द एकच, करणं. "सासूचं मरेपर्यंत केलं तिनं." "म्हाताऱ्याचं करणारं कुणी नाही." करणं म्हणजे काय काय, हे कुणी फोड करून सांगत नाही, कारण ज्या बाया ते करतात त्यांना ते सांगायची वेळ कधी येत नाही. अंघोळीचं पाणी कोमट करून देणं, दात नाहीत म्हणून भाकरी दुधात कुस्करून देणं, पायाची नखं काढणं, रात्री हाताला धरून वीस पावलं नेणं आणि परत आणून पांघरूण घालणं. त्यात औषधाचा वाटा फार थोडा.

काकू माझी चुलती. चुलते जाऊन नऊ वर्षं झाली. गाव धारूर तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. जमीन मुरमाड, पाऊस आला तर बाजरी-सोयाबीन, नाही आला तर काहीच नाही. इथल्या घरांना वर्षात दोन ऋतू असतात, माणसं गावात असल्याचा आणि नसल्याचा. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि दिवाळी झाली की ट्रॉलीत संसार घालून ऊसतोडीला निघायचं. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. गुढीपाडव्याला परत, कारखाना लांबला तर अक्षय्य तृतीया. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून एकट्या माणसाला उचल कमी आणि किंमतही कमी. माझा चुलतभाऊ आणि वहिनी हा असाच एक कोयता आहे, गेली पंचवीस वर्षं.

दिवाळीनंतर आमच्या गावात एकदा येऊन बघावं. दारांना कड्या घालून त्यात तार पिळलेली असते. संध्याकाळी जिथं घरटी धूर निघायचा तिथं आळीत दोन-तीन चुली पेटतात. कुत्रीसुद्धा कमी दिसतात, काही ट्रॉलीमागे धावत जातात ती पाडव्यालाच येतात. पारावर म्हातारी माणसं, शाळेत आजीजवळ ठेवलेली लेकरं. सरकारी हिशेबात सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तो हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण कागदावरची आमची लोकसंख्या आणि मार्गशीर्षातली लोकसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्गशीर्षात जी उरते तिच्यात जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी असणारी माणसं तेवढी नेमकी निघून गेलेली असतात.

गोळ्यांचंही सांगते. काकूला बीपीची गोळी रोज एक. आरोग्य केंद्रातून महिन्याची पाकिटं फुकट मिळतात, औषधाची टंचाई म्हणावी तर तीही नाही. केंद्र सात किलोमीटरवर आहे. एसटी सकाळी एक, पण ती स्टँडवर थांबते आणि घरापासून स्टँडपर्यंत काकूला चालवत नाही. दिवाळीच्या आधी वहिनीनं दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. एकदा मी डबा उघडला तर आत अर्ध्या अर्ध्या चकत्या. काकूनं विळीवर धरून प्रत्येक गोळीचे दोन तुकडे केले होते, काहींचा नुसता भुगा झाला होता, तोही तिनं कागदाच्या पुडीत बांधून जपला होता. "पाडव्यापस्तोर पुरवायच्यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. आयुष्यभर तेल, गूळ, ज्वारी सगळं तिनं असंच पुरवलं होतं. ती अर्धी गोळी बघून मला जे भरून आलं ते मला अजून नीट मांडता येत नाही. डॉक्टरच्या कागदावर ही बाई "उपचार चालू" असते.

तीन वर्षं म्हटलं, त्यालाही कारण आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तांब्या भरलेला असायचा. कारण काकूजवळ तिची नात झोपायची. भावाची मुलगी, हुशार, अक्षर मोत्यासारखं. आई-बाप उसाच्या फडात गेले की आजीचं सगळं तीच करायची. पहाटे उठून चूल, मग शाळा, संध्याकाळी आजीला अंगणात फिरवणं, रात्री हाताला धरून नेणं. आजी तिची राखण करायची आणि ती आजीचं करायची. माझ्या पाहण्यात तरी त्या घरात सहा महिने कुणाची आबाळ झाली नाही.

मग तिला सतरावं सरत आलं. वयात आलेली पोर एका म्हातारीच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची, हा घोर वहिनीला फडात रात्रीचा झोपू देत नव्हता. फडावर न्यावी तर तिथल्या खोपीला दार नसतं. माघातच स्थळ आलं आणि पाडव्यानंतर लग्न झालं. अठरा पूर्ण व्हायला सात महिने कमी होते. मी गेले होते लग्नाला. मी अक्षता टाकल्या. तिच्या आईशी एकदा बोलले होते, अठरा तरी होऊ दे म्हणून. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही ठेवून घेता का सात महिने?" माझ्या घरात दोन खोल्या, सासू-सासरे, दोन मुलं. मी गप्प बसले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आलं. बीड जिल्ह्यात ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के. हे आकडे आले की आमच्या लोकांच्या मागासपणावर बोललं जातं. त्या आकड्यात उचल आहे, दार नसलेली खोपी आहे, जोडीशिवाय धरला न जाणारा कोयता आहे, आणि म्हातारीला सोबत नसणं आहे, हे कोण बोलणार? ती पोर सासरी गेली आणि आमच्या घरात दोन माणसांचं करणं थांबलं, तिचं स्वतःचं आणि आजीचं.

गावात जर कुणी हे सगळं डोळ्यांनी बघत असेल तर ती आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून ही गावातलीच, गावातच राहणारी बाई आरोग्यखात्याला मिळाली. आमच्या आशाताईनं एकदा ओट्यावर बसून काकूचा फॉर्म भरला. तंबाखू खाता का, खोकला किती दिवस, असं विचारत ती खाली आली आणि साठीच्या पुढच्यांसाठीच्या प्रश्नावर थांबली. खाणं, कपडे घालणं, अंघोळ, चालणं, संडासला जाणं, यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? मला फार बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी कागदावर विचारलं एकदाचं. काकू म्हणाली, "लागती की." आशाताईनं खूण केली.

"मग पुढं?" मी विचारलं.

"दवाखान्यात दाखवून घ्या म्हणायचं," ती म्हणाली, आणि तिलाच ते बोलताना कसंतरी झालं. दवाखान्यात हाताला धरून नेणारं माणूस नाही, हाच तर प्रश्नाचा अर्थ होता. प्रश्न बरोबर विचारलेला आहे आणि उत्तरही खरं दिलेलं आहे. त्यापुढं कुणाचं काम सुरू होत नाही. आशाताई मोबदल्यावर काम करते, गरोदर बाया, लसीकरण, टीबीचे पेशंट, सगळं तिच्याच डोक्यावर. तरी ती येता-जाता काकूच्या दारात हाक मारते. ती हाक तिच्या कुठल्याच कामात धरली जात नाही.

अनुशेष हा शब्द मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो, पुढं महाराष्ट्रात आलो, आणि किती मागं राहिलो याचा हिशेब मांडायला १९८३ साली वि. म. दांडेकरांची समिती बसली. १९८४ ला अहवाल आला, १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, आरोग्यसेवा, प्रत्येकाचा अनुशेष मोजला गेला आणि ते मोजायलाच हवं होतं. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय नसतं तर आमच्या भागातली किती माणसं रस्त्यात गेली असती. पण खाटा मोजता येतात, किलोमीटर मोजता येतात. गावात करणारी किती माणसं उरलीत, याचा अनुशेष कुणी काढला नाही. तेवढ्या काळजीचा साठा घराघरात आहेच, असं सगळ्यांनी धरून चालल्यासारखं. सून असतेच, असं.

आणि ती सून म्हणजे आमची वहिनी. सोळाव्या वर्षी आली. आम्ही दोघी एका वयाच्या. मी कॉलेजला अंबाजोगाईला गेले तेव्हा ती पहिल्यांदा फडावर गेली. पहाटे चारला उठून तोडणी, मोळी बांधणं, पंधरा-वीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणं. पाळीच्या दिवसांतही तेच. पाणी नाही, आडोसा नाही, खाडा केला तर पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जायला लागलं तेव्हा ती अठ्ठावीसची होती. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. दोन लेकरं झालीच होती. कर्ज काढून पिशवी काढली आणि दीड महिन्यात परत मोळी उचलली.

हे तिच्या एकटीचं नाही. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सहा जणींत एक. त्यानंतर अशा शस्त्रक्रियांवर बंधनं आली, ती चांगलीच झाली. पण ज्यांच्या काढून झाल्या त्या आता चाळिशीत आहेत. वहिनीची कंबर धरते, गुडघे दुखतात, रात्री अंगाची लाही होते. ती अजून फडावर जाते. आणि पाडव्याला परत आली की सासूचं करते.

आमच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. ती लेकरं आता लग्नाच्या वयाला आलीत. उद्या इतक्या घरांत सून नसेल तर म्हाताऱ्यांचं कोण करणार, असा विचार माझ्या मनात आला आणि मला माझीच चीड आली. मुली जन्मायला हव्यात त्या काय आपलं करायला? तरी हेही खरं की करण्याचा सगळा भार आपण बाईवर टाकला, आणि तिलाच जन्माला येऊ द्यायलाही तयार झालो नाही.

पैशाचं थोडं बोलायला हवं. काकूला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्या पैशानं तिची मान ताठ राहते, हे मी स्वतः बघते. किराणावाल्याला ती "मांडून ठेव" म्हणते ते हक्कानं. पण ते काढायला अंगठा लागतो आणि तिचा अंगठा मशीन घेत नाही. तीस वर्षं कोयता आणि खुरपं धरलेल्या हाताच्या रेषाच उरलेल्या नाहीत. चार वेळा पुसून, ओला करून, दाबून ठेवून एखादवेळी उमटतो. हयातीच्या दाखल्याच्या वेळी तर ती स्वतः समोर उभी आणि मशीन म्हणतं, जुळत नाही. २०२४ पासून वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्यांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात; त्यातून तिला काठी आणि चष्मा आला. काठी दाराशी उभी आहे. रात्री काठीला बोलता येत नाही, "उठा, मी आहे" म्हणता येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. दिवाळी ते पाडवा गावात एक करणारं माणूस असावं, पगारी, गावातलंच. दहा-पंधरा घरं त्याच्याकडं. सकाळी एक चक्कर, संध्याकाळी एक. गोळी पूर्ण खाल्ली का, तांब्या भरला का, नखं वाढलीत का. अंगणवाडीत लेकरांची खिचडी शिजतेच, तिथंच चार म्हाताऱ्यांच्या मऊ भाताचं पातेलं चढू शकतं. लोक म्हणतात, खेड्यातल्या अडाणी बाईला हे जमेल का. आमच्या पाटोदा-आष्टीला लागून असलेल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली आले आणि त्यांनी खेड्यातल्या निरक्षर बायांनाच आरोग्यसेविका केलं. त्या बायांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग्यांना गावात उठवून बसवलं. ते करून दाखवून पन्नास वर्षं झालीत. आणि जोपर्यंत असं माणूस नेमलं जात नाही तोपर्यंत काकूसारख्यांचा प्रत्येक हिवाळा असाच ढकलत काढलेला असतो, एवढं मला कळतं.

या दिवाळीला निघायच्या आदल्या दिवशी वहिनीनं तीन कामं केली. हलती पायरी सिमेंटनं पक्की करून घेतली. बल्बचं बटण वायर ओढून खाटेच्या पायाशी आणलं. आणि खाटेपासून संडासच्या दारापर्यंत नायलॉनची दोरी ताणून बांधली, कमरेच्या उंचीवर, मध्ये दोन लोखंडी पहारी ठोकून. काकूला धरून तिनं त्या दोरीवरून तीनदा नेलं आणि आणलं, लहान लेकराला चालायला शिकवतात तसं. "आत्या, दोरी सोडायची नाही. हात बदलायचा, सोडायचा नाही." काकू पुटपुटत होती, "हात बदलायचा, सोडायचा नाही."

आता मी रोज सात वाजता फोन करते आणि एकच गोष्ट विचारते, किती तांबे झाले. आधी सांगायची नाही, आता सांगते. परवा "तीन" म्हणाली. माझा फोन झाला की नऊच्या सुमाराला वहिनीचा येतो, कर्नाटकातून, कधी रेंज असते कधी नसते.

"ताई, आत्या पाणी पितात का?"

"तीन तांबे म्हणाल्या आज."

"खोटं बोलत्यात. दोन धरा." मग थोडी हसते. "दोरी ढिली झाली असंल, शेजारच्या पोराला ओढून घ्यायला सांगा."

"सांगते. तुझी कंबर कशी आहे?"

"मला काय झालंय," ती म्हणते. मागं कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं, गाडी भरायला आलेली असते, आणि फोन तसाच चालू राहतो, नुसता वाऱ्याचा आणि पाचटाचा आवाज.